मुंबईतली पहिली रात्र : गावाच्या नावावर मिळणारी पथारी

कोकणची बोट भाऊच्या धक्क्याला लागे, तेव्हा उतरणाऱ्या कित्येक तरुणांच्या खिशात पैशांहून मोलाची एक वस्तू असे. ती म्हणजे घडी घातलेली एक चिठ्ठी. तीवर घरमालकाचे नाव नसे, भाड्याचा आकडाही नसे. चाळीचे नाव, मजला आणि एक खूण एवढेच तीवर असे : अमक्या गावाची खोली. चिठ्ठी हरवली तरी फारसे बिघडत नसे. गिरण्यांच्या मुलखात पोहोचून गावाचे नाव दोन-चार ठिकाणी घेतले, की कोणीतरी बोट करून जिना दाखवी.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास भरली. त्यांपैकी दर शंभरांतील ८४ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. दर पाच माणसांमागे जवळपास एक जण एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणजे मुंबई हे बव्हंशी परगावच्या माणसांचे शहर होते, आणि त्यांतील प्रत्येकाला कधी ना कधी एका साध्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते : आज रात्री पाठ कोठे टेकायची? परवडेल अशा जागी, आणि सकाळी उठल्यावर ट्रंक जागेवर असेल अशा जागी.

गिरण्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला, संपांचाही लिहिला गेला. या पथारीचा इतिहास मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि देशावरची माणसे थेट मुंबईत उतरू लागली. कोकणातून समुद्रमार्ग होताच. पुढच्या अर्धशतकात ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि त्या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडले.

हे सारे कामगार त्याच अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने का राहिले, थोडे दूर स्वस्त व मोकळ्या जागी का गेले नाहीत, असा प्रश्न आज सहज सुचतो. त्याचे उत्तर गिरणीच्या दारात सापडते. भोंगा पहाटे होई. उशीर झाला की दार बंद आणि त्या दिवसाचा पगार बुडाला. त्याहून अधिक ओढाताण बदली कामगारांची होती. कायम नोकरी नसलेल्या या माणसांना रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे लागे. जॉबर, म्हणजे मुकादम, रिकाम्या जागा पाहून त्यांतून माणसे निवडी. जो दारात नाही, त्याला काम नाही. १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम शहरात होती. परंतु दोन्ही वेळचे ट्रामचे पैसे रोज मोजणे हे बदलीवाल्याच्या आवाक्याबाहेरचे होते. भोंगा ऐकू येईल आणि पायी पोहोचता येईल, एवढ्या अंतरातली जागाच त्याच्या उपयोगाची होती. लांबची स्वस्त जागा त्याला महागच पडे.

हे ठाऊक असल्यानेच चाळमालकांनी त्या पट्ट्यात इंच इंच जागेचे भाडे केले. चाळ म्हणजे लांब सामायिक व्हरांडा, त्यावर उघडणाऱ्या एकेक खोल्या, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास. खोली साधारण दहा फूट लांब, तितकीच रुंद. आत एका कोपऱ्यात मोरी असली तर नशीब. उजेड दारातून येई तेवढाच. बहुसंख्य बिऱ्हाडे अशा एका खोलीचीच होती.

एकट्या कामगाराला ही एक खोलीसुद्धा परवडत नसे. येथूनच गावाच्या खोलीची व्यवस्था जन्माला आली.

एका गावचे, बहुधा एकाच वाडीचे किंवा भावकीचे दहा-वीस पुरुष मिळून खोली घेत. पुढे पुढे ही संख्या तीस-चाळीसवरही जाई. भाडेपावती त्यांतील एखाद्या जुन्या, कायम नोकरीवाल्या माणसाच्या नावावर असे. भाडे, दिवाबत्ती आणि झाडलोट यांचा खर्च माणशी वाटला जाई आणि त्याचा हिशेब एका वहीत राही. खोलीत फर्निचर म्हणावे असे काही नसे. भिंतीलगत ट्रंका एकीवर एक रचलेल्या, वर दोऱ्या बांधून टाकलेले कपडे, कोपऱ्यात वळकट्या, आणि एका फळीवर ग्रामदेवतेची तसबीर.

एवढी माणसे एवढ्या जागेत मावत कशी? खरे सांगायचे तर ती एकाच वेळी मावत नसतच. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीहून आलेला त्याच जागी पथारी पसरी. गिरण्यांत तिसरी पाळी सुरू झाल्यावर तर जमिनीचा तोच तुकडा दिवसातून तीन वेळा वापरला जाऊ लागला. उन्हाळ्यात बरेच जण व्हरांड्यात, गच्चीवर किंवा रस्त्याच्या कडेला झोपत. पावसाळ्यात मात्र सर्वांना आतच यावे लागे, आणि रातपाळीवाल्याला दिवसा झोप लागावी म्हणून बाकीच्यांनी हळू बोलावे, असे संकेत आपोआप रूढ होत.

आता यात सुरक्षितता कसली, असे आजच्या वाचकाला वाटेल. परंतु त्या काळच्या नवागताच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा शहरात नव्हती. खोलीतला प्रत्येक जण त्याच्या बापाला ओळखत होता. ट्रंकेला कुलूप नसले तरी चालत असे, कारण चोरी करणाऱ्याला पळून जायला गावच उरले नसते. आजारी पडला तर पेज करून घालणारे कोणी होते. काम सुटले तर दोन-तीन महिने वाटणी न देताही पथारी मिळे, आणि नोकरी लागल्यावर ती बाकी फेडली जाई. खोलीतला जुना माणूसच बहुधा त्याला आपल्या जॉबरकडे घेऊन जाई, म्हणजे राहण्याची जागा आणि कामाची ओळख एकाच जिन्यावर मिळे. शहरात अनामत म्हणून पैसे ठेवावे लागतात. येथे अनामत म्हणून घराण्याची अब्रू ठेवलेली असे, आणि ती जप्त होण्याचे भय पैशाच्या भयाहून मोठे होते.

या खोल्यांतूनच पुढे ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, विहिरीची दुरुस्ती यांसाठीची वर्गणी याच खोल्यांत गोळा होई. कोकणातल्या कित्येक शाळांच्या आणि देवळांच्या भिंतींवर ‘मुंबईकर मंडळी’ अशा देणगीच्या पाट्या आजही दिसतात. त्या पाट्यांमागे अशीच एखादी दहा बाय दहाची खोली उभी आहे.

जेवणाचा प्रश्न खाणावळींनी सोडवला. चाळीतच बिऱ्हाड करून राहणारी एखादी बाई दहा-पंधरा पुरुषांचा दोन वेळचा स्वयंपाक करी आणि महिन्याच्या पगाराला हिशेब चुकता होई. तिच्या हातच्या आमटीला गावची चव असे, हे महत्त्वाचे होतेच. त्याहून महत्त्वाचे हे, की ती उधारीवर जेवू घाली. पगार उशिरा होई, संप होत, टाळेबंदी होई. त्या काळात सावकाराच्या आधी कामगाराचा भार कोणी उचलला असेल, तर तो खाणावळवाल्या बाईने. किराणावाल्याची तिची स्वतःची उधारी मात्र तिच्याच डोक्यावर राही.

मराठी मुलखाबाहेरून आलेल्यांनीही हाच मार्ग आपापल्या रीतीने शोधला. त्यांत सर्वांत नीटनेटकी व्यवस्था गोव्याच्या ख्रिस्ती लोकांची होती. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, रोजगार थोडा होता, आणि तेथून येणारे तरुण जहाजांवरचे खलाशी व खानसामे, बँडमधले वादक, शिंपी किंवा बेकरीवाले म्हणून काम करीत. त्यांच्या गावोगावच्या खोल्यांना कोंकणीत ‘कूड’ म्हणत, लोकांच्या तोंडी ‘क्लब’ हे नावही रुळले होते. धोबी तलाव, कावेल, माझगाव या भागांत असे अनेक क्लब होते. धोबी तलावच्या चौकातील जेर महाल ही इमारत तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. तेथे दारांवर घरक्रमांकाहून गोव्यातल्या गावांची नावे अधिक ठळक दिसत.

कुडीत देव्हाऱ्याच्या जागी वेदी असे आणि गावच्या संतपुरुषाची मूर्ती. सायंकाळच्या रोजरीच्या प्रार्थनेला हजर राहण्याची शिस्त असे, आणि गावचे फेस्त गोव्यात साजरे होई तसेच येथेही होई. खलाशांच्या दृष्टीने या व्यवस्थेची खरी किंमत वेगळीच होती. खलाशी एक जहाज सोडी आणि दुसरे मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने, शहरात थांबून राही. समुद्रावर असताना त्याची पेटी क्लबात सुरक्षित राही. वर्षाने परत आला तरी ती त्याच जागी मिळे. नाममात्र वर्गणीवर एवढी निश्चिंती देणारे हॉटेल मुंबईत तेव्हाही नव्हते आणि आजही सापडणे कठीण आहे. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी : कोंकणीतले पहिले तियात्र १८९२ मध्ये गोव्यात नव्हे, मुंबईत रंगभूमीवर आले. गोव्याहून आलेला एवढा मोठा प्रेक्षकवर्ग या शहरात राहत होता, हे लक्षात घेतले की त्याचे नवल वाटत नाही.

हे चित्र येथवर गोड आहे. त्याची दुसरी बाजू १८९६ मध्ये उघडी पडली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हे डॉक्टर स्वतः मूळचे गोव्याचे. कोंदट, अंधाऱ्या, उंदरांनी भरलेल्या चाळींतून साथ वेगाने पसरली. ज्या दाटीने नवागताला आधार दिला होता, तीच आता जिवावर उठली. सरकारी पथके घरात शिरून तपासणी करू लागली, रोग्यांना उचलून इस्पितळात नेऊ लागली, आणि १८९७ च्या आरंभापर्यंत लाखो लोक शहर सोडून गेले. गावाची खोली तेव्हा उलट दिशेने चालली. ज्या चिठ्ठीने माणूस शहरात आला होता, त्याच ओळखीने तो गावी परतला, कारण परतायला त्याला गाव होते.

प्लेगचा परिणाम म्हणून १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट, म्हणजे बी.आय.टी., स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, अनारोग्यकारक म्हणून ठरवलेल्या चाळी पाडल्या आणि काही नव्या चाळी बांधल्या. सुरुवातीच्या वर्षांत मात्र पाडलेल्या खोल्या अधिक आणि बांधलेल्या कमी, असा हिशेब झाला. घर गेलेली माणसे शेजारच्या चाळीत शिरली आणि तेथली दाटी वाढली.

मोठा सरकारी प्रयोग पहिल्या महायुद्धानंतर झाला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प त्याने सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येकीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. जुन्या चाळींच्या मानाने बांधणी भक्कम होती. सिमेंट काँक्रीट होते, गळके छप्पर नव्हते, भिंती कोसळण्याचे भय नव्हते.

तरीही खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि वरळीच्या तर फार मोठ्या संख्येने. अधिकाऱ्यांना हे कोडे वाटले. कामगारांना ते कोडे नव्हते. वरळीची वस्ती तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला होती, भाडे जुन्या खोलीतल्या वाटणीपेक्षा अधिक होते, आसपास बाजार नव्हता, उधार देणारा वाणी नव्हता. सरकारने खोली एका कुटुंबाला देण्यासाठी बांधली होती. कामगाराचे कुटुंब गावी शेतीवर होते आणि खोलीचे भाडे एकट्याने भरणे त्याला शक्य नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही रिकाम्या चाळी सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. कामगारांसाठी बांधलेल्या घरांचा हा उपयोग होईल, असे कापसाच्या गाठीवर रुपया भरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. कालांतराने भाडी उतरली, शहर वाढत वरळीपर्यंत आले आणि त्या चाळी भरल्या. तेथे ज्यांनी घरे केली, त्यांत दलित कुटुंबांची संख्या मोठी होती. त्याला एक कारण आहे, आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोचरा भाग तेथून सुरू होतो.

गावाच्या खोलीत प्रवेश गावाच्या नावाने मिळे, असे वर म्हटले. ते अर्धेच खरे आहे. गाव एक असले तरी खोल्या वेगळ्या असत. गावात जी शिव होती, ती चाळीच्या जिन्यावरही आली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना आपल्याच गावच्या सवर्णांच्या खोलीत पथारी मिळत नसे. कामातही तेच होते. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, पगार अधिक होता. परंतु कांडी बदलताना तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेपायी त्या खात्याची दारे दलित कामगारांना बंद राहिली. कमी पगार, म्हणून कमी भाड्याची जागा. त्यातही खासगी चाळमालक जात विचारीत. अशा माणसाला जात न विचारणारा सरकारी चाळीचा कारकून हाच त्यातल्या त्यात सोपा घरमालक ठरला.

पैसा असूनही जागा न मिळणे म्हणजे काय, याचे सर्वांत परिचित उदाहरण मुंबईचे नाही, बडोद्याचे आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण थांबवून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. संस्थानाने दिलेल्या शिष्यवृत्तीचा तो करार होता. स्टेशनावर उतरताच त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो मुक्कामाचा. बडोद्यात ‘विशी’ नावाच्या हिंदू खाणावळी-निवास होत्या. तेथे खरी ओळख सांगून प्रवेश नव्हता, आणि खोटी सांगणे त्यांना नको होते. अखेर ते एका पारशी सरायेत गेले. ती सराय केवळ पारशांसाठी होती. गिऱ्हाईक नसल्याने रखवालदाराला उत्पन्न हवे होते, म्हणून वहीत पारशी नाव नोंदवावे, या बोलीवर त्याने त्यांना ठेवून घेतले. शेवटी खोटे नाव टळले नाहीच. वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या, मोडक्या सामानाने भरलेल्या दालनाशेजारी, बोलायला एकही माणूस नसताना, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा पदवीधर रात्री पुस्तकात डोके घालून काढीत असे.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले. त्यांनी संध्याकाळपर्यंत सराय सोडण्याची ताकीद दिली. आंबेडकरांचे बडोद्यात दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. एकाने नोकरचाकर काम सोडून जातील म्हणून असमर्थता दाखवली, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. कामाठी बागेत पाच तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा सारा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नोंदवला आहे. त्यातील खरा पेच राहण्याच्या खर्चाचा नव्हता. वहीत लिहायच्या नावाचा होता.

मुंबईत ते राहत होते ती परळच्या बी.आय.टी. चाळीत. सुमारे दोन तपे त्यांचे बिऱ्हाड तेथल्या क्रमांक एकच्या चाळीत होते, तेथेच ग्रंथ साठत गेले, तेथेच चळवळीची माणसे येत राहिली. १९३० च्या दशकात दादरच्या ‘राजगृहा’त राहायला जाईपर्यंत सुधारणा ट्रस्टची ती चाळ हेच त्यांचे घर होते. प्लेगच्या भीतीने बांधलेल्या वास्तूने असा वारसा मागे ठेवावा, हा योगायोग लक्षणीय आहे.

मुक्कामाच्या जागेचा हा अपमान गाडगे महाराजांनी दुसऱ्या टोकाने ओळखला होता. पंढरपुरात वारीला येणाऱ्या अस्पृश्यांना धर्मशाळांत जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. ती त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. कीर्तनाच्या जोरावर जमवलेल्या पैशांतून या माणसाने देवळे बांधली नाहीत, मुक्कामाच्या जागा बांधल्या.

या व्यवस्थेबाहेर आणखी एक मोठा वर्ग राहिला, तो स्त्रियांचा. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. गावाच्या खोल्या पुरुषांच्या, कुडी पुरुषांच्या. नवरा वारला किंवा टाकून गेला म्हणून पोटासाठी मुंबईत आलेल्या बाईला गावाचे नाव सांगून पथारी मागण्याची सोय नव्हती. उलट गावाचे नाव सांगितले की नाना प्रश्न उपस्थित होत. तिच्यासाठी पर्याय थोडे होते. नात्यातल्या कुटुंबाच्या खोलीत आश्रितासारखे राहणे, कोणाच्या तरी संरक्षणाखाली राहणे आणि त्याची किंमत मोजणे, किंवा स्वतःच खाणावळ घालणे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, ते शाळेइतकेच निवासासाठी. पुढल्याच वर्षी ते पुण्याला हलले. मुंबईत १९०८ मध्ये सेवासदन निघाले. या संस्था मोलाच्या होत्या, परंतु त्यांचा हात गिरणीतल्या रिळे भरणाऱ्या बाईपर्यंत क्वचितच पोहोचला.

खाणावळ घालणारी बाई मात्र टिकली. तिच्या श्रमाला संस्थेचे रूप यायला १९७५ साल उजाडावे लागले. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोवर बँकेच्या लेखी या बाया कोणीच नव्हत्या, कारण त्यांच्याकडे तारण नव्हते. पन्नास माणसांना उधारीवर जेवू घालणारी बाई पत नसलेली ठरत होती.

दरम्यान भाड्याच्या कायद्याने सगळे गणित बदलून टाकले होते. युद्धकाळातल्या भाववाढीमुळे १९१८ मध्ये पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला आणि काही वर्षांनी तो संपला. १९४७ चा कायदा मात्र टिकला. त्याच्या पूर्ण नावातच हॉटेल आणि लॉजिंग हाउस हे शब्द होते. त्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. आधीपासून खोलीत असलेल्याला हे मोठे वरदान ठरले. नव्याने येणाऱ्यासाठी त्याच कायद्याने दार बंद केले. मालकाला भाड्यात काही मिळेना, तेव्हा तो पागडी मागू लागला, दुरुस्ती थांबवू लागला आणि नवी भाड्याची चाळ बांधीनासा झाला. कमी भाडे आणि उपलब्ध जागा या दोन गोष्टी शहरात एकत्र राहिल्या नाहीत. ज्याच्या गावाची खोली आधीच होती तो तगला. ज्याची नव्हती तो झोपडपट्टीत गेला. अण्णा भाऊ साठे यांचे कुटुंब वाटेगावहून पायी चालत मुंबईला आले होते. हा थोर लेखक अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहत होता.

गावाच्या खोल्यांतही नवे वाद शिरले. भाडेपावती एका माणसाच्या नावावर होती, खोली मात्र साऱ्यांची होती. जोवर खोलीची किंमत नाममात्र होती, तोवर हा फरक कोणाला टोचला नाही. जागेचे भाव वाढले आणि पावतीवरचा माणूस वारला, की त्याचे वारस आणि गावचे मंडळ समोरासमोर येऊ लागले. तोंडी विश्वासावर उभी राहिलेली व्यवस्था कागदापुढे दुबळी ठरली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. महिन्यांमागून महिने गेले, तशा खोल्या ओस पडल्या. पुरुष गावी परतले, पुष्कळसे कायमचे. खाणावळींची उधारी वसूल झाली नाही. भोंगे थांबल्यावर भोंग्याच्या टप्प्यातल्या जागेला तो अर्थ उरला नाही. पुढे त्याच जमिनीवर काचेचे मनोरे उभे राहिले आणि बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास आता चालू आहे.

सगळ्याच खोल्या मात्र गेल्या नाहीत. लालबाग-परळच्या काही जुन्या चाळींत आजही गावमंडळाची पाटी दिसते. आत गिरणीवाले नसतात. मुलाखतीला आलेला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, किंवा परळच्या मोठ्या रुग्णालयांत कोणाला घेऊन आलेला गावचा माणूस असतो. धोबी तलावच्या काही कुडींत अजूनही संध्याकाळी प्रार्थना होते.

परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. उपचार आठवडेच्या आठवडे चालतात आणि रुग्णांची कुटुंबे त्या काळात पदपथावरही राहतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, ती याच लोकांसाठी. तेथे मुक्काम मागणाऱ्याला आपले गाव किंवा जात सांगावी लागत नाही. रुग्णालयाचा कागद दाखवावा लागतो.